कारभारी, वीस खरंच आला होता का?

मिलिंद, तू गेलास हे फेरोजनं फोनवर सांगितलं तेव्हा मी त्याला पहिलं काय विचारलं असेल? "तुला कोणी सांगितलं?" तो रडत होता आणि मी त्याची उलटतपासणी घेत होतो. तो म्हणाला, "बालाजी, मी औरंगाबादला दवाखान्यातच हाय यार." तरी मी फोन ठेवून कदम सरांना लावला. सरांनी तेच सांगितलं तेव्हा कुठं मी खुर्ची मागं सारून उठलो आणि जिनिंगच्या मॅनेजरला म्हणालो, मी निघतोय.

वजनकाट्यावर बसणारा माणूस असाच होतो, हे तूच सगळ्यांना सांगायचास. कापसाची गाडी भरून येते, वजन होतं, रिकामी होऊन परत येते, पुन्हा वजन होतं. या दोन वजनांच्या मधे लोक काय काय करतात हे मी बघत आलोय. कापसावर पाणी मारतात. येताना केबिनमध्ये माणसं कोंबतात आणि जाताना ती चहाला म्हणून उतरलेली असतात. त्यामुळं समोरचा माझ्याकडं बघून हसला तरी मी आधी त्याच्या टायरखाली बघतो. तू याची टिंगल करायचास, पण मला कधी बदल म्हणाला नाहीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी मागच्या सतरंजीवर बसलो होतो. बदनापुरातले बरेच लोक बोलले. मिलिंदनं कुणाच्या लग्नपत्रिकेत कधी चूक होऊ दिली नाही, मिलिंद सरळ माणूस, मिलिंदच्या पोटात एक आणि ओठात एक असं कधी नव्हतं. मी ऐकत होतो आणि माझं डोकं भलतीकडंच चालू होतं. यातल्या एकाला तरी तुझी पिशवी माहीत होती का? माझी तुझ्याबद्दल एक तक्रार आहे, तिचा निकाल लागायच्या आधी तू उठून गेलास, आणि ती तिथं माइकवर सांगण्यासारखी नव्हती.

म्हणून इथं लिहितोय. तुला सगळं माहीत आहे, पण मला पहिल्यापासून मांडल्याशिवाय हिशेब लागत नाही.

पुण्याच्या छापखान्यात असताना तू खोलीवरच्या पोरांकडून हा खेळ शिकून आल्तास. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक माणूस व्हायचं, आणि तो माणूस काय करतो ते आपणच ठरवायचं. दार फोडतो म्हणालास तर फुटेल की नाही हे फासा सांगणार. पुण्याच्या पोरांकडं इंग्रजी पुस्तक होतं आणि वीस बाजूंचा फासा होता. तुझ्याकडं दोन्ही नव्हतं. शिवाय तुझं म्हणणं, बदनापुरात फासे टाकताना कुणी बघितलं की जुगाराचा अड्डा म्हणून बोभाटा होणार. मग तू जालन्याहून हौजीच्या आकड्यांचे दोन डबे आणलेस, एक ते वीसच्या सोंगट्या काढून घेतल्यास आणि दोन कापडी पिशव्या केल्यास. एक आम्हा खेळणाऱ्यांची, एक तुझी. हौजी तर बायकापण खेळतात, तिला कोण जुगार म्हणणार? इथंच मला कळायला हवं होतं की तू वाटतोस तेवढा सरळ नाहीस.

रविवारी दुपारी लोडशेडिंग असायचं. तुझा कॉम्प्युटर बंद, प्रिंटर बंद, गिऱ्हाईक नाही. दुकानाच्या माळ्यावर आपण चौघं बसायचो. तू लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचा तो मोठा अल्बम आमच्यासमोर उभा करायचास, तोच पडदा. आमच्या बाजूला गणपती, मंगल परिणय, चांदतारा, सोनेरी मोर. तुझ्या बाजूला काय चाललंय ते आम्हाला दिसायचं नाही.

गोष्ट सांगणाऱ्याला काय म्हणायचं यावरून पहिला रविवार गेला होता, आठवतंय? कदम सर म्हणाले, सूत्रधार म्हणू. फेरोज म्हणाला, मास्टर. तू म्हणालास, "नाटक न्हाई करून राह्यलो आपण. कारभारी म्हणा सरळ." तेव्हापासून तू कारभारी. मी हैबती, जुन्या नाक्यावरचा चौकीदार. फेरोज दिलावर घोडेवाला. सर एक वैद्य, आणि ते शाळेतल्यासारखेच सगळ्यांना गोळ्या वाटत फिरायचे. कारभाऱ्याच्या पिशवीतून आपल्या माणसावर वीस निघाला की तो खलास, आणि ज्याचा माणूस मेला त्यानं पुढच्या डावापासून कारभारी होऊन पडद्याआड बसायचं, हा आपला नियम. हा नियमही तूच केला होतास.

ब्लॉगची कल्पना मात्र माझी. तू एकदा दुकानात कुणाचा तरी ब्लॉग उघडून दाखवलास आणि मी म्हणालो, आपले डाव असे लिहून ठेवू. तू म्हणालास, "कोण वाचणार?" आणि चहा संपायच्या आत म्हणालास, "आणि वाचलं मंग?" मी म्हणालो, दोनातलं एक काहीतरी धर. तर तुझं उत्तर असं: "चार गडी दर ऐतवारी दार लावून बसतेत, मंदी काय करतेत, हे गावाला अजून कळंना. आन् तू लेखी देऊन राह्यला."

"लपवायचं काय हाय त्यात?" मी म्हणालो.

"लपवायचं काय न्हाई. पण बालाजी, सगळंच लिहायचंबी नसतं."

हे वाक्य मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं होतं. ज्याला लपवायचं काही नसतं तो असं बोलत नाही.

तरी ब्लॉग उभा केलास तूच. मी पहिली पोस्ट तुझ्याच मशिनवर पत्रिकेच्या फॉन्टमध्ये टाइप केली आणि ब्लॉगवर चढवली, तर तिथं नुसती कंसांची आणि टोप्यांची रांगोळी. तू पोटात दुखेपर्यंत हसलास, आणि मग गिऱ्हाईक ताटकळत ठेवून इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटेल अशी सोय करून दिलीस. नाव मी ठेवलं, 'पिशवीत हात'. तू म्हणालास, हे तर चोराच्या ब्लॉगचं नाव वाटतंय. मी म्हणालो, म्हणूनच ठेवलं.

मग ती पहिली पोस्ट. 'काल कारभाऱ्यांनी मला जिन्यावरून खाली लोटलं. पाय मुरगळला, रक्त आलं, तरी येत्या रविवारी परत जायचंच आहे.' मी गढीतल्या जिन्याबद्दल लिहिलं होतं, हैबतीबद्दल. पण खेळाचं नाव टाकायला विसरलो, आणि नशीब असं की सगळ्या पोस्टमध्ये 'पडलो' किंवा 'गेलो' असं लिहिणारा पुरुष आहे हे कळेल असं एकही क्रियापद नव्हतं. दुसऱ्या दिवशी खाली प्रतिक्रिया: 'ताई, पहिल्या वेळीच बोलला नाहीत तर पुरुषाचा हात सुटतो. माहेरी कळवा.' दुसरीनं विचारलं होतं, कारभारी दारू पितात का. मी लगेच लिहिलं की मी पुरुष आहे आणि हा खेळ आहे. त्यावर उत्तर आलं, 'घाबरून असं लिहू नका ताई, आम्ही आहोत.'

तू त्याची प्रिंट काढलीस. सुजाता वहिनींना वाचून दाखवलीस. वहिनी तुला कधी कारभारी म्हणाल्या नव्हत्या, त्या रविवारी चहा घेऊन माळ्यावर आल्या आणि म्हणाल्या, "काय कारभारी, आज कोणाला लोटून राह्यले?" फेरोज चहा सांडेपर्यंत हसला. मलाही हसू आलं, पण माझं लक्ष तुझ्या हाताकडं होतं. तुझा हात पडद्याआड पिशवीत होता आणि तू तो बाहेर काढत नव्हतास.

पुढं ब्लॉगवर एक 'अनामिक' यायला लागला. पोस्ट टाकली की खाली एवढंच: 'मंग पुढं?' कधी 'दिलावरचा घोडा बराबर हाय ना?' मला खात्री होती की हा तू. मी तुला विचारलं तर तू म्हणालास, "मराठवाड्यात 'मंग' मी एकटाच म्हणतो काय?" उत्तर बिनतोड होतं, म्हणूनच माझा संशय वाढला.

मिलिंद, मी संशयी आहे, पण वेडा नाही. इतकी वर्षं आपण खेळलो. दरोडेखोर झाले, विहिरीतला अजगर झाला, आग्या वेताळ झाला, आणि आपल्यातला एकही मेला नाही. तुझ्या पिशवीतून अठरा निघायचा, एकोणीस निघायचा, वीस कधीच नाही. कारभाऱ्याची गादी कधी रिकामी झालीच नाही. असा ट्रक माझ्या काट्यावर आला असता तर मी बाजूला लावून घेतला असता. मी ब्लॉगवर लिहिलं, 'वीस कुठं आहे?' पुढच्या रविवारी तू तुझी पिशवी सतरंजीवर पालथी केलीस आणि म्हणालास, "बघ." मी एकेक सोंगटी लावून बघितली. वीस होता. सर म्हणाले, बालाजी, आता तरी पुरे. मी आकडे बघितले होते. सोंगटीची कड कोण बघतो?

मग तुझं औरंगाबाद सुरू झालं. टोनर आणायला, म्हणायचास. आठवड्यातून दोनदा कुणाला टोनर लागतो? मला वाटलं, तू तिकडं दुकान बघतोयस. मग वाटलं, तिकडं दुसरी मंडळी जमवली असशील, आमच्यापेक्षा शिकलेली, खरा फासा असलेली. एका रविवारी तू डाव अर्धा सोडलास तेव्हा तर माझी खात्रीच झाली. फेरोज म्हणाला, "कारभारी, शर्ट ढिल्ला झाला की तुझा." तू म्हणालास, तुमच्या वहिनीनं साखर बंद केली. मी, आयुष्यभर दुसऱ्यांची वजनं करणारा, ते ऐकून गप्प बसलो, कारण मी तुझ्या त्या दुसऱ्या मंडळीचा विचार करत होतो.

आणि मग तो डाव. बारवेच्या पायऱ्यांवर एक म्हातारा पहारेकरी, त्याच्या हातात नुसती काठी. अजगराच्या तावडीतून वाचलेला हैबती त्याला बाजूला हो म्हणाला. तुझा हात पिशवीत गेला. एरवी तू पिशवीकडं बघायचास, त्या दिवशी सगळा वेळ माझ्याकडं बघत होतास. हात बराच वेळ आत होता. मग म्हणालास, "वीस."

मी म्हणालो, "दाखव." तू पडद्यावरून हात वर केलास. वीस होता.

"बघून काढलास तू," मी म्हणालो.

"बघून? डोळे तर तुझ्याकडंच होते माझे."

"त्या 'वीस कुठं आहे?' पोस्टचा राग काढलास."

फेरोज म्हणाला, "जाने दे बालाजी, कारभारी हो ना तू आता." मी चप्पल घालून निघालो आणि त्याच संध्याकाळी ब्लॉगवर लिहिलं: 'कारभाऱ्यांनी मला मारलं, आणि लबाडीनं मारलं.' या वेळी खेळाचं नाव नीट टाकलं होतं. तू फोन करून म्हणालास, "ती पोस्ट काढ बालाजी." मी नाही म्हणालो. पुढचे दोन रविवार मी आलो नाही. मग तुझा पुन्हा फोन आला, आवाज बारीक होता, मला वाटलं रेंज नाही.

"बसणार का न्हाई पडद्याआड?"

"आधी खरं सांग. वीस खरंच आल्ता का?"

"बसलास की कळंल तुला."

मला तो टोमणा वाटला. फोन मी ठेवला. ते आपलं शेवटचं बोलणं.

तुझ्या कार्यक्रमानंतर वहिनींनी मला दुकानात बोलावलं. शटर अर्धं वर होतं. त्यांनी अल्बम आणि तुझी पिशवी माझ्या हातात दिली. "हे तुम्हाला द्यायचं म्हणल्ते." मी विचारलं, कधी म्हणाला? मला वाटलं शेवटच्या दिवसांत. वहिनी म्हणाल्या, "दुखणं कळलं तव्हाच. म्हणे, बाल्या मेल्याबिगर इकडं बसायचा न्हाई. मी म्हणलं असं काय अभद्र बोलता." त्यांना वाटलं होतं, मला हे माहीत असेल. मी हो म्हणालो, कारण दुसरं काय म्हणणार होतो?

पिशवी मी काट्यावर घेऊन गेलो. दुपारी गाड्या कमी असतात. तिथं टेबलाखाली धरून आत हात घातला, आणि तिसऱ्या चौथ्या सोंगटीला अंगठा अडला. कडेला खाच होती. बारीक, कानशीनं घासून केलेली, नख बसेल एवढी. बाहेर काढली. वीस. पुन्हा आत टाकली, हलवली, हात घातला, पुन्हा अंगठ्याला लागली. खेळणाऱ्यांची पिशवीही मी तुझ्या माळ्यावरून आणून तपासली. तिच्यात अशी एकही सोंगटी नाही.

म्हणजे मी बरोबर होतो. हे तुला ओरडून सांगायची मला केवढी इच्छा झाली. इतकी वर्षं पडद्याआड तुझा अंगठा वीस ओळखायचा आणि बाजूला सारायचा. हैबती अजगराच्या तावडीतून वाचला तो माझ्या हुशारीनं नाही, तुझ्या अंगठ्यानं. आणि त्या दिवशी, माझ्याकडं बघत, तू पहिल्यांदा तो उचललास. तुला माहीत होतं तू राहणार नाहीस. तुला माहीत होतं, नुसतं बस म्हणालास तर मी पडद्याआड बसणार नाही, नियमात बसवलं तरच बसेन. मला सरळ सांगायचं होतंस रे की दुखणं आहे. मी संशय घेतला असता, रिपोर्ट दाखव म्हणालो असतो, पण मग तुझ्याबरोबर औरंगाबादला आलो असतो. बसच्या त्या सीटवर तू एकटा बसून गेलास याचा मला तुझ्यावर राग आहे आणि तो जाणार नाही. त्या दिवशी काट्यावर एक गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी टेबलावर डोकं ठेवून रडत होतो आणि त्याला थांबवून ठेवलं होतं. तो बिचारा नंतर पावती घेताना म्हणाला, साहेब, वजनात काही घोटाळा आहे का?

आता माझी पंचाईत बघ. ब्लॉग मी काढला तो सगळं उघड लिहायला. आणि हे तिथं टाकता येत नाही. फेरोज मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर गिऱ्हाइकांना सांगत असतो की आपला दिलावर इतकी वर्षं झाली, एकदा मेला नाही. त्याला मी काय सांगू, की त्याचा घोडाही तूच वाचवलास? सरांना वाटतं त्यांच्या गोळ्यांनी माणसं जगली. त्यामुळं त्या जुन्या पोस्टच्या खाली मी एवढंच लिहिलं: 'चौकशी पूर्ण झाली. वीस खरा होता. कारभाऱ्यांची माफी.' ब्लॉगवरचं माझं हे पहिलं खोटं. एरवी अशा ओळीखाली 'मंग पुढं?' आलं असतं. तू गेल्यापासून अनामिक गप्प आहे. तो कोण होता याचा याहून मोठा पुरावा मला नको. हा लेख मी मसुद्यातच ठेवणार आहे, तुझ्यामाझ्यात.

काल रविवार होता. माळ्यावर वहिनींनी झाडून ठेवलं होतं. मी अल्बम उभा केला आणि पहिल्यांदा त्याची तुझ्याकडची बाजू बघितली. तिकडं नुसता मागचा कोरा पुठ्ठा आहे आणि त्यावर चहाच्या कपाचे गोल डाग. फेरोजचा दिलावर त्याच बारवेत उतरला, हैबतीचा बदला घ्यायला. म्हाताऱ्यानं काठी उगारली. सर म्हणाले, "कारभारी, काढा." मला कारभारी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं आणि क्षणभर तुझ्याकडं बघायला वळलो.

मग पिशवीत हात घातला. अंगठ्याला खाच लागली. फेरोज पडद्यावरच्या मोरावर डोळे रोखून बसला होता, नमाजाला बसल्यासारखा ताठ. मी ती सोंगटी बाजूला सारली, हाताला लागली ती दुसरी काढली, आणि म्हणालो, "सात."

फेरोजनं श्वास सोडला. मग त्यानं माझ्याकडं बारीक नजरेनं बघितलं, अगदी मी तुझ्याकडं बघायचो तसं. "बालाजी," तो म्हणाला, "बघून तर न्हाई काढला ना?"

"बघून?" मी म्हणालो. "डोळे तर तुझ्याकडंच होते माझे."